जर्मनच्या नावेचा मंजूर जोड

सन १९५५ च्या कार्तिकात वैनगंगेच्या घाटावरील सरकारी नावेच्या तळाला वीतभर चीर पडली. ब्रह्मपुरीहून आरमोरीच्या बाजाराला जाणारी मंडळी चिरेत चिंध्या कोंबून नदी ओलांडू लागली. नाव ॲल्युमिनियमची, युद्धानंतरच्या लिलावातली. ॲल्युमिनियमला आपल्याकडे जर्मन म्हणतात, हे चुलीपुढच्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. घाट-व्यवस्था कार्यालयाला नव्हते.

म्हणून ब्रह्मपुरीच्या हाफिज वेल्डरने "नाव जर्मनची आहे, जोड मारून देतो" असा साधा अर्ज केला, तेव्हा कार्यालय हादरले. सदर नाव शत्रुराष्ट्राच्या मालकीची आहे काय, असल्यास कोणत्या लढाईत हस्तगत झाली, याचा खुलासा नावाडी दादाजीकडे मागवण्यात आला.

"लढाई नाई झाली, साहेब," दादाजी म्हणाला. "नाव गळून राह्यली, तेवढंच."

हा खुलासा समजून घ्यायला कार्यालयाला दोन महिने लागले. मग मंजुरी आली: 'नावेच्या बाह्य पृष्ठभागी जोड, नग एक.'

हाफिज कामाचा पक्का. नाव पालथी घालून त्याने तारेच्या ब्रशने चीर लख्ख घासली, कारण जर्मनवर डोळ्यांना न दिसणारी साय धरते आणि ती राहिली की जोड पकडत नाही. जोड धरवणारी भुकटी लावली, वर साबण घासला आणि भोवतीचा पत्रा आधी शेकला. लोखंड निदान लाल होऊन सांगते. जर्मन रंग बदलत नाही, न सांगता एकदम ढासळते. साबण काळा पडताच त्याने गॅसची ज्योत चिरेवर आणली. वितळलेला रस आरपार उतरला आणि आतल्या बाजूला जाडसर वळ उठला. तो पाहून हाफिजला मनापासून आनंद झाला. आरपार गेला तोच जोड, बाकी सगळा मुलामा.

कार्यालयातून तपासणीला आलेल्या ओव्हरसियर साहेबांनी वाकून नावेच्या आत पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मंजुरी बाहेरची आहे. हा आत कसा आला?"

"आत गेल्याबिगर पकडत नाई, साहेब."

"म्हणजे मंजुरीपेक्षा जादा काम. शिवाय ओबडधोबड. कापा, आणि नियमात बसेल एवढाच करा."

हाफिज अडून बसला. तेव्हा साहेबांनी मोठ्या मायेने विचारले, कार्बाइडचा परवाना यंदा नवा करायचा आहे ना? हाफिजचा गॅस कार्बाइडवर आणि घर गॅसवर चाले. त्याने जोड कापला. नवा मारला तो वरच्यावर, आरशासारखा. स्वतःच्या हाताची त्याला लाज वाटली, पण हात काही थांबला नाही. साहेबांनी दाखला दिला: 'जोड सुबक असून मजबूत आहे.'

नाव पुन्हा सुरू व्हायच्या दिवशी हाफिजची बायको खुर्शीदा माहेरी आरमोरीला जायला गाठोडे बांधून निघाली.

"तू घरी राह्य," हाफिज हळूच म्हणाला.

"काऊन?"

"पाय दुखते म्हण."

घाटावर सोहळा होता. दादाजीने कमरेला दोन सुके भोपळे बांधले होते. कोणी विचारले तर "रिवाज हाये" म्हणायचा. साहेबांचे कुटुंब जुन्या लाकडी डोंग्यातून पुढे गेले, नावेची शोभा दुरून नीट दिसावी म्हणून. धान विकणाऱ्या गुणाबाईला सांगणारे घरचे कोणी नव्हते. ती आणि आणखी एकवीस जण नावेत बसले.

"कसा चमकून राह्यला बा," नाव काठावर पालथी होती तेव्हा जोडावरून हात फिरवत ती म्हणाली होती.

मधल्या धारेत जोड गुंडी निसटावी तसा उघडला. एकवीस जण कसेबसे रेतीवर लागले. गुणाबाई लागली नाही.

रीतसर चौकशी बसली. साहेबांनी दाखला दाखवला. दादाजी म्हणाला, "मले काय मालूम, मी वल्हं मारतो." हाफिज म्हणाला, "जोड मंजुरीपरमानं होता, साहेब."

अशा रीतीने जे घडले ते ठाऊक असलेला एकही इसम जिल्ह्यात आढळला नाही, असा शेरा पडला. आता ज्यांना पहिल्यापासून सगळे ठाऊक आहे असे, वाचकहो, एक तुम्हीच उरलात. पुढची तारीख सोमवारी, सकाळी अकराला. साक्षीदारांत तुमचे नाव घालायचे ना?