उत्तमरावांची आदर्श सभा

"मुंगळ्यांचं वारूळ द्या माझ्या ताब्यात! आठवड्यात अध्यक्ष, खजिनदार आणि ऑडिट झालेला ताळेबंद उभा करून दाखवतो!" असं उत्तमराव छाती पुढे काढून सांगत. कितीही पुढे काढली तरी ती पोटाच्या मागेच राही, तो भाग वेगळा.

माजिवड्याच्या एका संस्थेत त्यांची नोकरी. काम, आदिवासी संघटनांची क्षमताबांधणी. म्हणजे जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या रान आणि पाणी वाटून खात आली, त्यांना 'मिळून कसं राहावं' हे पडद्यावर चित्रं दाखवून शिकवायचं!

मुरबाडच्या डोंगरातली ठाकरांची एक संघटना त्यांच्या वाट्याला आली. मोहफुलं, करवंदं, बांबू गोळा करायचे, कल्याणच्या बाजारात विकायचे, आलेलं सगळ्यांदेखत वाटून घ्यायचं, असा तिचा कारभार. उत्तमरावांनी तिला बँकेचं खातं दिलं, पदं दिली, नियम दिले. लाडका नियम एकच : "एकाच माणसाखाली खुर्ची दोन वर्षांवर राहिली की नासते!" त्या नियमानं सीताराम अध्यक्षपदावरून उतरला आणि केशरबाई चढली. सीताराम कोंबडी नेणाऱ्या बिबट्याकडे बघावं तसा नुसता बघत राहिला.

अशात पैसे देणाऱ्यांकडून मैथिली मॅडम पाहणीला येणार असं कळलं. त्यांनी मान डोलावली तर प्रकल्प पुढे चालू, नाही तर उत्तमराव घरी!

"संघटनेला अभ्यासदौऱ्यावर आणतो," त्यांनी बायकोला सांगितलं. "मॅडमसमोर आदर्श संस्था दाखवतो."

"कुठली हो?" कल्पितावहिनींनी विचारलं.

"आपली सोसायटी! वार्षिक सभा!"

"अहो, गेल्या सभेत पाटकरांनी तुळशीची कुंडी उगारलेली!"

"यंदा सगळं सेट केलंय. हिशेब मंजूर, सेक्रेटरी म्हणून मी बिनविरोध, मग बटाटेवडे. अर्ध्या तासात लोकशाही आटोपते की नाही बघ!"

रविवारी डोंबिवलीतल्या सोसायटीच्या गच्चीवर पाहुणे सतरंजीवर शिस्तीत बसले. बाजूच्या खुर्चीत मैथिली मॅडम. उत्तमरावांनी स्वागत केलं आणि पहिला विषय पुकारला, पाण्याच्या टँकरचा खर्च.

झालं! तळमजला म्हणाला, आम्ही टँकर वापरत नाही. चौथा मजला म्हणाला, मग काय आंघोळीला खाडीवर जाता? पाटकर उठले, पाटकरांना बसवायला दोघं उठले, त्या दोघांना बसवायला अख्खी बी विंग उठली! पाटकरांचा आवाज असा लागला की समोरच्या बिल्डिंगची कबुतरं भाडेकरार मोडून उडाली.

केशरबाई उत्तमरावांच्या कानाशी लागली. "दादा, चुकीची सभा कशी असते त्याचं नाटक ना हे? तुमी शिबिरात करून दाखवलेलं तसं?"

"हो, हो! नाटकच!" उत्तमराव घाम पुसत म्हणाले.

ठाकरांनी खूश होऊन टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या.

"कोण नाटक करतंय?" पाटकर कडाडले. "ए उत्तमराव! बाहेरून माणसं आणून आमची चेष्टा?"

"अहो, अभ्यास करायला आलेत!"

"आमचा?"

प्रकरण कुंडीपर्यंत जायच्या आत उत्तमरावांनी घाईघाईनं शेवटचा विषय घेतला. "सेक्रेटरीची निवड! माझं एकट्याचंच नाव आहे, तेव्हा बिनविरोध—"

सतरंजीवरून एक हात वर आला. सीतारामचा. शंका मनात ठेवायची नाही, हेही उत्तमरावांनीच शिकवलेलं.

"दादा, या खुर्चीवर तुमाला किती सालं झाली?"

"ते... होतात अशीच..."

"चौदा!" तिसऱ्या मजल्यावरचे गॅब्रिएल अंकल मागून ओरडले.

"चौदा?" सीताराम काळजीनं खुर्चीखाली वाकून बघू लागला. "मंग नासली नाय का?"

गच्चीवरच्या सगळ्या माना त्या खुर्चीकडे अशा वळल्या की लिफ्टसुद्धा मधेच थांबली. हा विचार चौदा वर्षांत कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता!

"अरे बाबा," उत्तमराव दबक्या आवाजात म्हणाले, "तो नियम तुमच्यासाठी आहे!"

"म्हणजे?" मैथिली मॅडमनी चष्मा वर केला. "फक्त आदिवासींसाठी?"

इकडे पद, तिकडे प्रकल्प! उत्तमरावांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे, आणि पगार जिकडे होता तिकडे वळले. "छे, छे! सर्वांसाठी! गंमत केली!"

"मग बदल हवा त्यांनी हात वर करा!" पाटकरांनी साधून घेतलं.

आधी सतरंजीवरचे सगळे हात वर गेले. शिबिराची सवय!

"पाहुण्यांचे हात मोजायचे नाहीत!" उत्तमराव किंचाळले.

"खाली घ्या गं, खाली घ्या रे," केशरबाईनं फर्मावलं. सतरंजी खाली बसली. पण खुर्च्यांमधले हात उभेच होते, आणि त्यांत पीठ लागलेला एक हात कल्पितावहिनींचा होता!

"अगं, तूसुद्धा?"

"घरचा गळका नळ चौदा वर्षं तुमची वाट बघतोय!"

गॅब्रिएल अंकल "मला नको रे, माझा बीपी!" असं ओरडत असतानाच सेक्रेटरी झाले. मैथिली मॅडम तर गहिवरल्या. "शिकणाऱ्यांनी शिकवणाऱ्यालाच नियम लावला! याला म्हणतात क्षमताबांधणी! प्रकल्प चालू ठेवायचा!"

उत्तमराव टाळ्या घेत कोपऱ्यातल्या टाकीला टेकले. सीताराम दोन वडे घेऊन आला, एक त्यांच्या हातावर ठेवला आणि शेजारी उकिडवा बसला.

"मन नका खट्टू करू, दादा. पयला महिना जड जातो. कोन इचारत नाय, बोलवत नाय. मंग सवय होते. मी तर रोज रानात जातो, बरं वाटतं." त्यानं गच्चीवरून डोंबिवलीभर पसरलेल्या काळ्या टाक्यांवर नजर फिरवली. "तुमच्याकडं रान हाय का?"

"पार्किंग होतं रे," उत्तमराव वड्याकडे बघत म्हणाले. "पण ते सेक्रेटरीचं होतं!"