पोत्यातला बरका फणस

भिकाजीने अर्ध्या जगाचे समुद्र पाहिले होते. जहाजावरची नोकरी संपवून तो खाडीकाठच्या वाडीत परतला, तेव्हापासून दिशेच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे होकायंत्रच. म्हणून बायकोने, सगुणाने, विचारलं, "बोक्याचं काय करताय?" तेव्हा तो टोपी सारखी करत म्हणाला, "आज पलीकडं. अशा जागी सोडून येतो, की त्याच्या बापाला घर सापडायचं नाय."

बोका कुणाचाच नव्हता. त्याने उंदीर मारला की शेजारी म्हणत, "आमचा बोका." बांगडा पळवला की तेच म्हणत, "तुमचा बोका." मांजराला मारायचं पाप कोण माथी घेणार? म्हणून खाडीकाठची रीत ठरलेली: पोत्यात घालायचं, पाणी ओलांडायचं, पोतं गरगर फिरवायचं म्हणजे मांजर दिशा विसरतं, आणि सोडून मुकाट घरी यायचं. पलीकडच्यांचीही हीच रीत. दोन्ही तीरांवर मांजरांच्या अशा बदल्या सरकारी खात्यापेक्षा नियमाने चालत.

आजचीच घाई अशासाठी, की उद्या लेकीला, योगिनीला, मागणी घालायला पलीकडची माणसं जेवायला यायची होती. रत्नागिरीला एकाच कचेरीत काम करता करता तिचं आणि दर्शनचं जुळलेलं. पण दर्शनचे आप्पा भलते कडक. चहात माशी पडली म्हणून त्यांनी एक स्थळ मोडलं होतं. आणि या बोक्याने तर मागच्या खेपेला पाहुण्याच्या ताटातूनच तुकडी उचललेली.

"बाबा, उद्या काय गडबड नको हां," योगिनी म्हणाली. एवढंच म्हणाली, पण डोळे भरलेले.

सगुणा पडवीत तांदूळ निवडत गुणगुणत होती:

जाई माझ्या गं दारात, कालच फुलली,
पलीकडल्या तीराला, वाऱ्याने कळवली.

भिकाजीने बांगड्याचं डोकं टाकून बोका पोत्यात घेतला आणि पूल ओलांडला. एक आडोसा बघून पोतं छातीशी धरलं आणि स्वतःभोवती गरगर फिरू लागला. दर्याने कधी चक्कर आणली नव्हती, ती पोत्याने आणली. माड आडवे झाले, खाडी डोक्यावर गेली, आणि आपलं होकायंत्र धडपडत कुणाच्या तरी पायरीवर जाऊन बसलं.

आतून एक गृहस्थ पाण्याचा तांब्या घेऊन आले. "उन्हाचं फिरताय कशाला? घ्या, पाणी घ्या. पोत्यात काय हाय?"

"फणस."

पोतं हललं.

"फणस हलतो कसा वो?"

"बरका हाय," भिकाजी म्हणाला. "पिकून अगदी लिबलिबीत झालाय."

गृहस्थ शेजारी टेकले. "आमचंही उद्या पलीकडं जाणं हाय. मुलाचं ठरवायला. भिकाजी म्हणून हायत, जहाजावर होते. वळखता?"

भिकाजीने तांब्या पायरीवर ठेवला. हे तर दर्शनचे आप्पा! मधल्या माणसाकडूनच सारं बोलणं झालेलं, त्यामुळे आप्पांचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, ते इतक्या जवळून, की मिशीतला पांढरा केसही दिसत होता.

"नाय बा. मी गंगाराम, राजापूरचा."

"बरका आमच्या मंडळींना फार आवडतो," आप्पा पोत्यावर हात ठेवत म्हणाले.

आता कोकणात मागितलेला फणस नाही म्हणायचा तर माणसाची जातच बुडाली. "न्या की," भिकाजी क्षीण आवाजात म्हणाला. "फक्त लगेच कापू नका. जरा निवू दे." आणि बुडणाऱ्या होडीतून उंदीर निघावा तसा तो तिथून निघाला.

घरी येऊन तो सगुणाला म्हणाला, "काम फत्ते." रात्री जेवला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात गाडी लागली. भिकाजी पाण्याच्या टाकीमागे लपला. आप्पा उतरले, बायको उतरली, दर्शन उतरला. मग गाडीच्या डिकीतून एक लांब, आर्त स्वर उठला.

"काय वो ते?" सगुणाने विचारलं.

आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "फणस."

"येताना तुमच्याच वाडीत सोडणार होतो," आप्पांच्या बायकोने सरळ सांगून टाकलं. "पण वाटेत सगळीकडं माणसं. यांना लाज वाटली."

तेवढ्यात योगिनी हाक मारत टाकीमागे आली. "बाबा, इथं काय करताय? माणसं आलीत." आता लपण्यात अर्थ नव्हता. भिकाजी बाहेर आला. आप्पांनी त्याला खालून वर पाहिलं.

"नमस्कार, गंगाराम."

योगिनीचा चेहरा पांढराफटक पडला. दर्शन आपल्या बुटांकडे बघू लागला. भिकाजीने हात जोडले. "आप्पा, चूक माझी हाय. पोरीला त्याची शिक्षा नको. ती तुमच्या घरी मांजर आणायची नाय."

डिकी उघडून आप्पांनी पोत्याची गाठ सोडली. बोका बाहेर आला, आळस दिला, आप्पांच्या पायाला अंग घासलं आणि सगुणाच्या स्वयंपाकघरात निघून गेला.

"माझ्यावर रागवायचा अधिकार मला नाय," आप्पा हळूच म्हणाले, मग चुकलं म्हणून सावरले, "म्हणजे तुमच्यावर. काल पोतं उघडलं नि फाटका कान बघून वळखला. हा मूळचा आमचाच. गेल्या शिमग्याला मीच आणून सोडला होता, तुमच्या वहाळाजवळ."

आधी आप्पांची बायको हसली, तिच्यामागून सगुणा हसली, आणि बायका हसल्या म्हटल्यावर पुरुषांना स्थळ मोडता येईना.

जेवणं झाली, सुपारी फुटली. निघताना आप्पा अवघडून म्हणाले, "व्याही, त्याला घेऊन जाऊ का आम्ही? आमचाच हाय म्हटल्यावर..."

भिकाजी पोतं शोधायला आनंदाने उठला.

"ठेवा ते पोतं," सगुणा पदराने डोळे टिपत म्हणाली. "लेक नेताय ती नेताय. बोका तरी राहू दे माझ्याकडं."

भिकाजी पुन्हा खाली बसला. बोका येऊन त्याच्या मांडीवर बसला, आणि पाहुणे गेल्यावरही त्याने भिकाजीला कितीतरी वेळ उठू दिलं नाही.