तीन भिंती गणपतीच्या

"अवो, तिरका झाला का?"

"कोण?"

"गणपती!"

"गणपती सरळ हाय. स्टूल तिरकं हाय अन् तू वाकडी हाईस."

"हसू नका. स्टूल हालतंय."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. बायको स्टुलावर, मी खाली स्टूल धरून. तिच्या एका हातात खळीची वाटी अन् दातात धरलेला कागदाचा गणपती, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवरनं कापलेला. तो चिकटवून ती उतरली. चहा झाला. "जरा पडते" म्हणली, ती काही उठली न्हाई.

रडगाणं गायला मी बसलेलो न्हाई. माझी शाळा चौथीपतूर. पण ही बाई काय नमुना होती ते कुणीतरी लिहून ठेवाय पायजे, अन् तिला माझ्याएवढं कुणीच सोसलेलं न्हाई.

आमच्या बेंबळीत लोक तिला काकी म्हणायचे. काकीच्या घरात उकिरड्यावर जायचा मान कशालाच मिळत नसे. कुठली वस्तू टाकाय निघालो की आतनं आवाज यायचा, "थांबा, त्याचं कायतरी होतंय." अन् व्हायचंच. ट्रॅक्टरच्या फाटक्या टायरवर सुतळी गुंडाळून तिनं बसायला मोढा केला. त्यात बसलेला माणूस दोघांनी धरून उठवावा लागायचा. खताच्या पोत्याची पायपुसणी झाली. फुटक्या बांगड्या चुलीच्या कट्ट्यावर बसल्या. माझं आहेरात आलेलं चांगलं धोतर मी तीन दिवस शोधत होतो. सापडलं तेव्हा ते दाराला लटकत होतं, खाली लाल झालर लावलेलं.

"अगं, नेसायचं धोतर हाय ते!"

"तुमी नेसलं तर दिसतंय कुणाला? दाराला लावलं तर सगळी गल्ली बघती."

हे सगळं मी सोसलं. पण पत्रिकांनी माझं कंबरडं मोडलं.

लग्नपत्रिकेवर गणपती असतो. लगीन झाल्यावर पत्रिका टाकावी तर देव टाकल्यासारखं होतं. जाळता येत न्हाई, अन् पाण्यात सोडावी तर आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी कुठं? मग ती प्रत्येकाच्या घरात फडताळावर पडून राहती. आमच्या हिनं एकदा एका पत्रिकेवरचा गणपती कापून भिंतीला चिकटवला. गल्लीतल्या बायांनी बघितला. झालं! देवाला जागा सापडली. पिशव्या भरभरून पत्रिका याय लागल्या. पलीकडचे शेख चाचासुद्धा एक दिवस गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले.

"भाभी, सब शादियां खाया मैं. ये बप्पाकू फेकने जी नई होता."

"द्या चाचा, बसवते त्यांला."

"किधर? जगाच नई रही."

"सरकवते की थोडं."

बाराही महिने आमच्या घरात खळ शिजायची. मैद्याची, घट्ट. कसर लागू नये म्हणून शिजल्यावर ती त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची, ते निळं विष. एकदा मी रानातनं भुकेला आलो. चुलीवर पातेलं दिसलं. वाटलं, लापशी केली हाय. गूळ कालवला अन् दोन वाट्या हाणल्या. मोरचूद पडायचा होता म्हणून आज लिहितोय. ती आली, रिकामं पातेलं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् कपाळाला हात लावला.

"अवो, सात गणपती खाल्ले तुमी!"

दोन दिवस माझं पोट सुदीक भिंतीसारखं गप होतं.

खरी पंचाईत झोपायची. देवाकडं पाय करून झोपता येत न्हाई, हे काय मी सांगाय नको. पूर्वेच्या भिंतीवर गणपती, पश्चिमेच्या भिंतीवर गणपती, उत्तरेच्या भिंतीवर तर गणपतीच्या मागं गणपती. मी म्हणलं, "मला एक भिंत सोड. म्हातारपणी माणसानं पाय कुठं पसरायचे?"

तिनं लई विचार केला अन् मोठ्या मनानं दक्षिणेची भिंत सोडली.

आता दक्षिणेला पाय करून मढं झोपवतेत. जित्या माणसानं तसं झोपायचं न्हाई. म्हणजे तीन भिंतींना देव आडवा, चौथ्या भिंतीला यम. मी म्हणलं, "ही काय मेहेरबानी?"

"कोरी मागितली, कोरी दिली. यमाला काय म्या बोलावलंय?"

तिचा भाऊ सोनारीवरनं मुक्कामाला आला तर बिचारा मधोमध गोल गोल फिरला, पोत्याला टेकून बसला अन् बसूनच घोरला. सकाळी म्हणला, "दाजी, तुमी रोज कसं झोपता?" म्हणलं, "मुटकुळं करून. बायको केली तवापासनं पाय कुठं पसरलेत मी?" आतनं भांडं आपटल्याचा आवाज आला.

त्या कोऱ्या भिंतीकडं पाय करून पहिलं कोण झोपलं असंल तर तीच. चहा पिऊन पडली, त्या संध्याकाळी बायांनी तिला तशी ठेवली. मी बघत उभा राहिलो. दुसरं काय करणार.

दहावं झालं अन् पुतण्या आला. दत्ता त्याचं नाव, चार घरं सोडून राहतो, काळजीचा माणूस. म्हणला, "काका, तेराव्याच्या आदी घराला चुना मारून घ्यावा लागंल. कागदं खरवडतो. तुमी तर जन्मभर वरडत होता. आता झोपा की निवांत."

सगळी भावकी हसली. सगळ्यांला माझं वरडणं ठाऊक होतं. मी पण "व्हय" म्हणून बसलो. खरंच वरडत होतो की! आता कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू? चाळीस वरसं बोललेलं माझ्याच अंगावर आलं. दत्तानं बायकोला बोलवलं. शीतल पत्र्याचा तुकडा घेऊन पूर्वेच्या भिंतीला लागली अन् मी अंगणात जाऊन पाठ करून बसलो. कागद फाटल्याचा पहिला आवाज आला.

मग आवाज थांबला. मी आत गेलो. शीतल भिंतीला नाक लावून उभी.

"मामंजी, ह्याच्याखाली नावं हायत."

मला जवळचं नीट दिसत न्हाई. तिनंच वाचलं. प्रत्येक गणपतीच्या पायाशी, उघड्या भिंतीवर, बारीक पेन्सिलीनं, वाकडी अक्षरं. मंगल, ढोकी. सुनंदा, बेंबळी. रेश्मा. कविता. सगळी पोरींचीच. पोरांचं एक नाव न्हाई. नावाजवळ कुंकवाचं बोट अन् खळीत चिकटवलेले तांदळाचे चार दाणे. ते दाणे मी रोज बघितले होते. मला वाटायचं, खळीत गाठी राहिल्या.

शीतल खाली सरकली अन् एका नावावर बोट ठेवून थांबली. तिच्या समोर लिहिलेलं होतं: शीतल, उमरगा.

"लगीन करून मला आणलं तवा ओटी भराय सगळ्या बाया होत्या," ती म्हणली. "काकी दारात उभ्या होत्या, तांदूळ घेऊन. सासूबाई म्हणल्या, तुमी राहू द्या. मी काय बोलले न्हाई, मामंजी. नवी होते."

आम्हाला लेकरू झालं न्हाई. लेकरू नसलेल्या बाईला ओटीच्या वक्ताला असं मागं ठेवतेत. गडीमाणसं मांडवात पंगतीला बसतेत, त्यांला आतलं दिसत न्हाई. मलाही कधी दिसलं न्हाई. लग्नाहून आली की ती कात्री घेऊन बसायची अन् मी गेलेलो नसलो तर विचारायचो, "जेवणात बुंदी होती का?" आणि ती सांगायची, "व्हती. लई गोड व्हती."

शीतलनं पत्रा दाराबाहेर टाकला. पण दत्ता रीतीचा माणूस, तो सकाळी चुना घेऊन येणारच होता.

आला. बादली खाली ठेवायच्या आत मी म्हणलं, "बाहेरनं मार. आतल्या भिंतीला हात लावलास तर तेराव्याला तू जेवायला नको अन् मी पण नको."

"अवो काका, रीत हाय."

"रीतच बघतोय मी."

तो बाहेर गेला. मी तिच्या कात्रीच्या डब्यातनं पेन्सिल काढली. आमच्या लग्नाला पत्रिका नव्हती, तांदूळ देऊन तोंडानं आवतण सांगितलं होतं. म्हणून तिचं नाव भिंतीवर कुठंच नव्हतं. मी सुदीक ते नाव लग्नात घास भरवताना एकदा घेतलं, मग जन्मभर "अगं"वरच भागवलं. शीतलच्या नावाशेजारी थोडी जागा होती. एकेक अक्षर तोंडानं म्हणत लिहिलं.

गोदावरी, सोनारी.

मग तिच्या कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं अन् शीतलला म्हणलं, "जा, मूठभर तांदूळ घेऊन ये."