सारंगा दयाळ आणि रानडुकरांचा ढोल

एका जंगलात, बाळांनो, सारंगा नावाची एक दयाळ पक्षीण राहत होती. म्हातारे भारद्वाज तिचे गुरुजी. त्यांनी तिला सात वर्षं नुसता 'सा' लावायला शिकवलं. आठव्या वर्षी म्हणाले, "आता जरा बरा लागतो."

मग सारंगाची पहिली मैफल झाली. सात श्रोते आले. संगीतसभेचे अध्यक्ष अस्वलराव पहिल्याच आलापाला झोपले. झोपेतच अधूनमधून "वा" म्हणत होते. सारंगाला तेवढ्यानंही बरं वाटलं.

पलीकडच्या माळावर रानडुकरं ढोल बडवत. त्यांचा म्होरक्या ढमाजी एक दिवस तिच्या झाडाखाली आला.

"ताई, आमच्या ढोलात मधे मधे तुमच्या ताना टाकाल का? पोरं नाचून दमतात. तेवढाच त्यांना विसावा."

सारंगा बिचकतच गेली. तिनं तान घेतली. हरणं, ससे, साळिंदरं नाचायची थांबली आणि ऐकत राहिली. मग दुप्पट जोरानं नाचली. महिन्याभरात सगळं जंगल तिच्या ताना गुणगुणायला लागलं.

अस्वलराव मात्र खडबडून जागे झाले. "राग बाटवला," म्हणाले, आणि सभेतून तिचं नाव काढून टाकलं.

त्याचं सारंगाला फारसं काही वाटलं नाही. धास्ती होती ती गुरुजींची. एका संध्याकाळी ते माळावर आलेच. मागच्या रांगेत डोळे मिटून बसले. कसंबसं गाणं संपवून सारंगा त्यांच्या पाया पडली.

"पंचम खाली लागला तुझा," गुरुजी म्हणाले. "ढोल सुरात होता."

"चुकलं, गुरुजी. उद्यापासून बंद करते."

गुरुजी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बंद कशाला? त्यांना एखादा भारदस्त आवाज हवाय का, तेवढं विचारून ठेव."

पुढच्याच आठवड्यात गुरुजी ढोलावर गायले. माळ दणाणून गेला.

अस्वलरावांनी ताबडतोब सत्कार ठेवला. "परंपरा तरुणांपर्यंत नेणारे ऋषितुल्य कलावंत," असं म्हणत त्यांनी गुरुजींना शाल पांघरवली. सारंगा मागे तंबोऱ्यावर बसली होती.

गुरुजी उत्तराला उभे राहिले. म्हणाले, "हे मला सारंगानं शिकवलं."

केवढा हा विनय, म्हणत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य: बाळांनो, परंपरा खुशाल मोडा. फक्त आधी म्हातारे व्हा. म्हणजे मोडलेल्या तुकड्यांनाच लोक परंपरा म्हणतात.