सदतीस आणि अडतीस

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला शुगर नाही, बीपी नाही आणि जिना चढताना मी कठडा धरत नाही. हे मी सगळ्यांना सांगत असतो. शनिवार पेठेतल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नंबर काढायला बसलं की अक्षरं वाचता वाचता त्याला हेही ऐकावं लागतं. त्यामुळे कात्रजला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी स्वराली जेव्हा म्हणाली, "काका, मला निरोगी माणसं हवी आहेत," तेव्हा मी तिला पुढं बोलूच दिलं नाही.

"लिही. कासिम अत्तार."

"अहो, कशासाठी ते तरी विचारा," माझी बायको जिनत म्हणाली.

स्वराली पीएच.डी. करते. तिनं समजावून सांगितलं. आपल्या लघवीतून अगदी कणभर स्निग्ध पदार्थ बाहेर पडतात, त्यांना लिपिड म्हणतात. धडधाकट माणसांतसुद्धा त्यांचं प्रमाण ज्याचं त्याचं वेगळं असतं. किती वेगळं, ते तिला मोजायचं होतं.

"निरोगी माणसांत किती फरक असतो हे माहीत नसेल, तर आजारी माणूस ओळखायचा कसा?" ती म्हणाली.

मला ते पटलं. तिनं दोन बाटल्या दिल्या. सदतीस नंबरची माझी, अडतीस नंबरची जिनतची.

"सकाळी उठल्यावरची पहिली. पहिलीच हं, काका. साडेसहाला मी न्यायला येते."

"तू निर्धास्त राहा," मी म्हणालो.

सकाळी पाचला उठलो. रोजच्यासारखा बाथरूमला जाऊन आलो, वजू केला, नमाज पढलो आणि चहा ठेवायला निघालो, तेव्हा बेसिनवर बाटली दिसली. कोरडी ठणठणीत. आयुष्यभर लोकांना नीट बघायला लावणारा मी, आणि ती माझ्या नाकासमोर असून मला दिसली नव्हती.

चार ग्लास पाणी प्यालो. नळ सोडून ठेवला. डोळे मिटून खडकवासल्याचे दरवाजे उघडल्याचं चित्र मनात आणलं. धरण काही सुटेना. तेवढ्यात बेल वाजली आणि जिनत दार उघडायला गेली. शेजारी तिची बाटली होती, काठोकाठ भरलेली. लघवी ती लघवी, त्यात माझी काय आणि तिची काय, असं मनाला सांगितलं आणि निम्मी माझ्या बाटलीत ओतली. दोन्ही बाटल्या कागदात गुंडाळून मीच स्वरालीच्या हातात दिल्या. जिनतला काही कळलं नाही.

दोन आठवड्यांनी स्वराली जिना धडाधडा उतरून आमच्या स्वयंपाकघरात आली.

"काकू, साठ माणसं तपासली. कुणाचं कुणाशी जुळत नाही. सख्ख्या भावांचंसुद्धा नाही. पण तुमचं आणि काकांचं तंतोतंत सारखं आलंय. आम्ही तीनदा तपासलं. आमचे गाईड श्रीनिवास सर म्हणतात, सत्तावीस वर्षं एका घरात जेवून तुमची शरीरंच एकसारखी झाली असतील."

जिनतनं हातातला झारा खाली ठेवला. आमचं आजवर कशावरच एकमत झालेलं नाही. मला पंखा पाचवर लागतो, तिला बंद. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे आतून आपण एकच आहोत होय?" ती म्हणाली.

सांगून टाकायची हीच वेळ होती. पण तेवढ्यात तिनं मला नल्ली निहारी खाणार का म्हणून विचारलं. ही मटणाची निहारी तिनं दोन वर्षांपूर्वी माझ्या तब्येतीच्या नावाखाली बंद केली होती. म्हटलं, जेवण झाल्यावर सांगू. जेवणानंतर फिरनी आली. म्हटलं, उद्या सांगू. असे नऊ दिवस गेले. पंखा पाचवर फिरत होता. बिल्डिंगमधल्या बायका, तुम्ही दोघं खाता तरी काय, म्हणून विचारायला येत होत्या. श्रीनिवास सर स्वतः येऊन आमच्या तेलाच्या बरणीचा फोटो काढून गेले.

आणि मग स्वराली म्हणाली, "शुक्रवारी मी हे सगळ्या विभागापुढं मांडणार आहे. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण बदलतेय मी. तुम्ही दोघांनी यायचंच."

त्या दिवशी मी निहारीला नको म्हणालो.

शुक्रवारी हॉलमध्ये चाळीसएक माणसं होती. जिनतनं ईदची साडी नेसली होती. पडद्यावर लाल आणि निळी अशा दोन रेघा होत्या, एकीवर एक बसलेल्या. स्वरालीचा चेहरा नुसता उजळला होता. "हे जोडपं आज आपल्यात आहे," ती म्हणाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीन वर्षं राबलेली ती पोर. मी आपोआप उभा राहिलो.

"बेटा, थांब. अडतीस नंबर खरा आहे. सदतीस नंबरसुद्धा अडतीसच आहे."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. नळ सोडल्याचं सांगितलं, खडकवासला तेवढा गाळला. स्वराली खुर्चीत बसली. जिनतकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

श्रीनिवास सरांनी पडद्यावरच्या दोन रेघांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "एकच नमुना, दोन नंबर, आणि आमच्यापैकी कुणालाही माहीत नाही. असंच ना?"

"हो."

"आणि यंत्रानं दोन्ही वेळा तेच आकडे दिले." ते स्वरालीकडे वळले. "अगं, सहा महिने लोक आपल्याला विचारताहेत की हे फरक माणसांचे कशावरून, यंत्राचेही असतील. हे घे उत्तर. यंत्र चुकत नाहीये. बाकीच्या माणसांतले फरक खरे आहेत."

स्वरालीनं हळूच मान वर केली. आधी ती हसली, मग हॉलमधले सगळेच हसायला लागले.

"अत्तारसाहेबांनी शास्त्राची मोठी सेवा केली आहे," सर म्हणाले. "पुन्हा करू नये."

निघताना स्वरालीनं एक रिकामी बाटली हातात दिली. निरोगी पुरुषांत एक कमी पडत होता. स्वारगेटला आम्ही कात्रजची बस पकडली. पद्मावती आली तशी जिनत माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मागितली असतीत तर दिली असती."

"मागायची लाज वाटली गं."

"आणि घ्यायची नाही वाटली?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. थोड्या वेळानं शेजारची सीट हलतेय असं वाटलं, म्हणून वळून पाहिलं. जिनत पदर तोंडाला लावून हसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग मलाही हसू आवरेना. कंडक्टरनं आमच्याकडे बघून नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठलो, तर बाथरूमच्या दाराशी जिनत खुर्ची टाकून बसली होती. हातात बाटली.

"घ्या," ती म्हणाली. "सावकाश होऊ द्या. मी इथंच आहे."

अशा पहाऱ्यात बावन्न वर्षांच्या निरोगी माणसाला किती वेळ लागतो, यावर कुणी अभ्यास केला असेल तर कृपया मला कळवा. मला पाऊण तास लागला.