दोन व्हॉल्व्ह आणि एक बैल

"यापुढे मी ह्याला हात लावणार नाही," असं म्हणून शोभाने अ‍ॅम्प्लिफायरचं आपल्याकडचं टोक सोडून दिलं. दुसरं टोक तिच्या नवऱ्याच्या, यज्ञेश्वरच्या, हातात होतं. सगळं वजन एकदम त्याच्याकडे आलं आणि तो भर दारात गुडघे टेकून बसला. शेजारच्या ओट्यावर राखुंडीने दात घासत असलेल्या आप्पासाहेबांना वाटलं, भाऊसाहेब नवस फेडतायत.

यज्ञेश्वर घोडेगावच्या सोसायटीत कारकून होता, म्हणून गावाचा भाऊसाहेब. घराण्यात पिढ्यानपिढ्या पौरोहित्य चाललेलं. ह्याला मात्र कॉलेजात असताना नगरच्या छावणीतला एक म्हातारा बँडवाला भेटला आणि ह्याने सत्यनारायण सोडून जॅझ गिटार धरली. आता दर शनिवारी संध्याकाळी छावणीतल्या एका क्लबात तो वाजवायला जात असे. सहा दिवस खताच्या गोण्यांच्या नोंदी करायच्या त्या ह्या एका संध्याकाळच्या आशेवर. तीच गेली तर आपल्यात आणि गोणीत फरक तो काय राहिला, असं त्याला प्रामाणिकपणे वाटे.

आणि ती जायच्या बेतात होती. कारण हा अ‍ॅम्प्लिफायर. नगरच्या एका रेडिओवाल्याने तो तंबूतल्या सिनेमाच्या मोडक्या यंत्रापासून जुळवून दिला होता. बल्बसारखे काचेचे चार जाडजूड व्हॉल्व्ह, आणि जात्याच्या तळीएवढा ट्रान्सफॉर्मर. आवाज असा गोड आणि ऊबदार, की ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत. उचलणाऱ्याचेही मिटत. गेल्या शनिवारी कंडक्टरने तो टपावर चढवायला साफ नकार दिला, यज्ञेश्वर ट्रकने उशिरा पोहोचला आणि क्लबाचे सेक्रेटरी, निवृत्त कॅप्टन बेहेरे, म्हणाले, "येत्या शनिवारी वेळेवर आला नाहीत, तर पुण्याचा एक मुलगा तयार आहे. त्याची ट्रान्झिस्टरची पेटी एका हातात मावते."

"मग तुम्हीही घ्या तसली पेटी," शोभा म्हणाली.

"अगं, ट्रान्झिस्टरचा आवाज म्हणजे डब्यात खडे! व्हॉल्व्हचाच हवा. पण हलका."

आप्पासाहेब चूळ भरून पुढे आले. ते ह्यांचे घरमालक. बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता, आणि पारखायला बैल नसला की त्यांना करमत नसे. "भाऊसाहेब, घोडेगावात राहता आन् काळजी करता? उद्या बाजार हाय. पुंजारामाकडं चला. लग्नात कर्णे लावतो त्यो. त्याच्याकडं असली यंत्रं बी हायेत आन् बैल बी हायेत. मी बगतो ना पारखून."

"पण आप्पासाहेब, हे जनावर नाही."

"वजन हाय ना? मंग पारख बी हाय."

दुसऱ्या दिवशी जुना अ‍ॅम्प्लिफायर आप्पासाहेबांच्या छकड्यात घालून दोघे बाजारात गेले. पुंजारामचं दुकान म्हणजे एक लिंबाचं झाड. एका अंगाला बैल बांधलेले, दुसऱ्या अंगाला कर्णे टांगलेले. त्याने दोन अ‍ॅम्प्लिफायर पुढे ठेवले. पहिला यज्ञेश्वरने उचलला, झाडाला अर्धी फेरी मारली आणि तो बसला. दुसरा लहान होता. दोनच व्हॉल्व्ह, आतच छोटा स्पीकर, वर चामड्याची मूठ. यज्ञेश्वरने तो एका हातात घेऊन पुरी फेरी मारली आणि आनंदाच्या भरात आणखी एक मारली.

"चाल बरी हाय," आप्पासाहेब म्हणाले, "पर अंगानं लई बारीक वाटतंय." त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या कुशीवर थाप मारली, मागून वाकून पाहिलं आणि पुंजारामवर डोळे रोखले. "खोड काय हाय?"

"देवाची आन, आप्पा. एक बी खोड न्हाई."

तेवढ्यात यज्ञेश्वरने गिटार जोडून उजवा हात तारांवर ठेवला आणि सणसणीत शॉक बसून तो दोन हात मागे उडाला.

"मारका हाय," आप्पासाहेब समाधानाने म्हणाले.

"वळख न्हाई म्हून," पुंजाराम म्हणाला, आणि त्याने विजेच्या खांबावरून घेतलेली वायर उलटी करून खोचली. त्यानंतर मात्र अ‍ॅम्प्लिफायर गुणी बाळासारखा वाजला. आवाज लहान, पण अस्सल व्हॉल्व्हचा. यज्ञेश्वरचं ठरलं. हाच घ्यायचा. कडेचा एक पांढराशुभ्र बैल ताडकन उठून दावणीला ताण देऊ लागला, तिकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

आता राहिला सौदा. जुना द्यायचा, नवा घ्यायचा, आणि वर कोणी कोणाला काय द्यायचं ते ठरवायचं. पुंजारामने खांद्यावरचं उपरणं काढलं.

"हे कशाला?" यज्ञेश्वरने विचारलं.

"उपरन्याबिगर सौदा? ही काय भाजी हाय का?" पुंजारामला खरंच वाईट वाटलं. घोडेगावच्या बाजारात बैलाचा सौदा उपरण्याखाली हात घालून बोटांनी होतो. कोण कोणाचं कुठलं बोट दाबतो, कुठलं पेर धरतो, त्यावर भाव वरखाली होतो आणि भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. आप्पासाहेबांनीच हात घालायचा, पण एका गाईच्या प्रकरणापासून पुंजारामच्या हातात हात द्यायचा नाही अशी त्यांनी शपथ घेतली होती. "तुमीच घाला, भाऊसाहेब. नुस्तं गप ऱ्हायचं. बोटं जास्त हलवायची न्हाईत."

शॉकने उजवा हात बधिर झालेला. म्हणून यज्ञेश्वरने डावा घातला. आणि तिथेच घात झाला, कारण डावा हात म्हणजे गिटारवाल्याचा तारा दाबायचा हात. घाबरला की यज्ञेश्वर मनातल्या मनात वाजवू लागे. मन वाजवू लागलं की बोटंही लागत. पुंजारामने एक बोट हळूच दाबलं मात्र, यज्ञेश्वरच्या चार बोटांनी त्याच्या पंजावर एक अवघड कॉर्ड, म्हणजे चार तारांची एकदम पकड, धरली. लगेच दुसरी. मग तिसरी, करंगळी ताणून.

पुंजारामच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं. उभ्या जन्मात अशी मागणी त्याने कोणाच्या हातून ऐकली नव्हती. त्याने जपून एक पेर धरून काहीतरी कबूल केलं. यज्ञेश्वरची बोटं सरकत सरकत वरच्या पट्टीत गेली. पुंजारामच्या कपाळावर घाम आला. बाजारात बातमी पसरली की सोसायटीच्या कारकुनाने पुंजारामला घाम फोडलाय. लोक बैल सोडून बघायला धावले. शेवटी यज्ञेश्वर मनातली गत संपवून सम गाठतो तसा थांबला. पुंजारामने हात बाहेर काढला आणि खाड्कन टाळी दिली.

"ठरलं!" तो म्हणाला. "मानलं तुमाला."

"काय ठरलं?" यज्ञेश्वरने आप्पासाहेबांच्या कानात विचारलं.

"गप बसा! टाळी झाल्यावर असं इचारत असत्यात व्हय? अब्रू जाईल."

पुंजारामने लहान अ‍ॅम्प्लिफायर यज्ञेश्वरच्या एका हातात दिला आणि पांढऱ्या बैलाचा कासरा दुसऱ्या. गर्दीने मान डोलावली. जुन्याच्या बदल्यात नवा, आणि वर बैल! यज्ञेश्वरला घाम फुटला, पण अब्रूपायी त्याने कासरा घट्ट धरला आणि ओढला. बैल जागचा हलला नाही.

"त्याचं काय हाय, भाऊसाहेब," पुंजाराम आता कसा मोकळा हसला, "त्यो जल्मला ह्या कर्ण्याखाली. ह्या यंत्राचा आवाज असल्याबिगर पाऊल टाकत न्हाई. म्हून तर दोन्ही संगंच दिलं. आन् रस्त्याला लाईट कुठं हाय? ही बॅटरी घ्या, हिच्यावर बी वाजतंय." बॅटरी दोघांनी मिळून छकड्यात चढवली. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा ती काही फार हलकी नव्हती. मग यज्ञेश्वर छकड्यात बसून वाजवीत पुढे आणि पांढरा बैल त्याच्या मागे, असे ते घरी आले.

शोभाने आधी अ‍ॅम्प्लिफायर पाहिला, मग बॅटरी, मग बैल.

"हलका घेणार होता ना?"

"अ‍ॅम्प्लिफायर हलकाच आहे."

"आणि हा?"

"हा वर मिळाला," यज्ञेश्वर म्हणाला. कसा, ते त्यालाही माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी बैल दारात ठेवून, अ‍ॅम्प्लिफायर एका हातात घेऊन बसने जायचं असं ठरलं. निघण्यापूर्वी यज्ञेश्वरने सहज एकदा वाजवून पाहिलं. बैलाने दावं तोडलं आणि तो ऐटीत चालू लागला. यज्ञेश्वरने घाईघाईने यंत्र बंद केलं. बैल थांबला. घर हमरस्त्यावर होतं, त्यामुळे तो थांबला तो बरोबर नगरच्या बससमोर.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. बैलाने शेपटी हलवली. भोंगा त्याच्या ओळखीचा नव्हता.

"बैल कुनाचा?" कंडक्टर ओरडला.

"भाऊसाहेबांचा," सगळ्या गावाने एका सुरात सांगितलं.

त्याला हलवायचा तर वाजवणं भाग, आणि वाजवायचं तर बॅटरी हवी, ती छकड्यात. आप्पासाहेबांनी छकडा तिथेच आणून त्याला बैल जुंपला. यज्ञेश्वर वर चढून वाजवू लागला, बैल बाजूला झाला आणि मोकळ्या रस्त्याने बस त्याला सोडून निघून गेली. तो रडकुंडीला आला. पुढची बस थेट संध्याकाळी, ती धरून वेळ गाठणं शक्य नव्हतं.

"रडताय कशाला?" आप्पासाहेबांनी कासरा हातात घेतला. "जुंपलेलाच हाय. चला."

"थांबा, मीही येते," म्हणत शोभा छकड्यात चढली. "उचलणार काही नाही. पण बघायचं मात्र आहे मला."

आणि मग घोडेगाव ते नगर, दिवसभर जॅझ. संथ वाजवलं की बैल रमतगमत चाले, जलद वाजवलं की दुडक्या चालीने. इमामपूरच्या घाटात यज्ञेश्वरने येत होतं नव्हतं ते सगळं द्रुत लयीत वाजवलं. जेऊरला बायका दुरून नमस्कार करीत होत्या. कुठल्यातरी देवाची गाडी आहे, एवढं त्यांना कळलं होतं. दुपारी बोटं सुजली तेव्हा शोभाने पदर ओला करून त्यांवर ठेवला. पण पदर ठेवला की बैल थांबे.

ते छावणीत पोहोचले तेव्हा संध्याकाळ होत होती आणि क्लबात अंधार होता. वीज गेलेली. पुण्याचा मुलगा आपल्या ट्रान्झिस्टरच्या पेटीवर गालाला हात लावून बसला होता, आणि कॅप्टन बेहेरे येरझारा घालीत होते.

"माझा बॅटरीवर चालतो," यज्ञेश्वर म्हणाला.

"शाब्बास! आणा आत!"

बॅटरी आत नेण्याइतका जोर कोणातच उरला नव्हता. मग छकडाच हिरवळीवर घेतला आणि नाचणारी जोडपी बाहेर आली. आप्पासाहेब बैलासाठी पाणी शोधायला गेले. यज्ञेश्वरने गिटार उचलली. "एक लक्षात ठेवा," कॅप्टन बजावून म्हणाले, "नाच मधेच तुटता कामा नये. तुटला तर पुढच्या शनिवारी तो मुलगा."

पहिल्या कॉर्डबरोबर जोडपी डोलू लागली आणि बैल चालू लागला. त्याला सोडायचं राहून गेलं होतं.

थांबावं तर शनिवार गेला. न थांबावं तर हिरवळ संपत आलेली. यज्ञेश्वरने डोळे मिटले आणि तो वाजवत राहिला. जोडप्यांना वाटलं, ही नवीन पद्धत असेल. ती नाचत नाचत छकड्यामागून फाटकातून बाहेर पडली. पहारेकऱ्याने सलाम ठोकला. आप्पासाहेब बादली घेऊन मागून धावत होते, पण त्यांचं ओरडणं सगळ्यांना तालात वाटलं. कर्नल, मेजर, त्यांच्या बायका, सगळी वरात जकात नाक्याशी आली आणि दिवसभर राबलेल्या बॅटरीने तिथे प्राण सोडला. आवाज थांबला. बैल थांबला. नाचही थांबला आणि जोरात टाळ्या पडल्या.

"गेल्या कित्येक वर्षांत असा नाच झाला नव्हता!" कॅप्टन धापा टाकीत म्हणाले. "सगळे शनिवार तुमचे, यज्ञेश्वरराव!"

यज्ञेश्वरने गिटार खाली ठेवली. त्याने शोभाकडे पाहिलं. तीही हसत होती.

आता क्लबात परत जायचं होतं. बॅटरी चार अधिकाऱ्यांनी शिस्तीत उचलली. अ‍ॅम्प्लिफायर कॅप्टनांनी स्वतः एका हातात घेतला. "हलका आहे की," ते म्हणाले, आणि दोन पावलं चालून थांबले. "पण यज्ञेश्वरराव, तुम्ही हे सामान दर आठवड्याला घोडेगावहून आणता-नेता कशाला?"

"म्हणजे?"

"क्लबात बिलियर्डच्या मागे खोली रिकामी पडलीय. ठेवून जायचं तिथे. कुलूप आहे. तो पुण्याचा मुलगा पेटी ठेवूनच जाणार होता."

यज्ञेश्वर रस्त्यात उभाच राहिला. त्याला आपला चार व्हॉल्व्हचा, गोड आवाजाचा, जात्यासारखा अ‍ॅम्प्लिफायर आठवला. तो ह्या वेळी कुठल्यातरी लग्नात पंगतीला बसायच्या सूचना देत असणार.

"अहो," शोभाने हळूच विचारलं, "इतक्या वर्षांत तुम्हाला हे एकदाही सुचलं नाही?"

"सुचायची वेळच आली नाही," तो म्हणाला. "दुसरं टोक तू धरायचीस ना."

शोभाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग बैलाचा कासरा त्याच्या हातात दिला आणि कॅप्टनांच्या बरोबरीने, दोन्ही हात हलवत, ती क्लबाकडे चालू लागली. यज्ञेश्वरने कासरा ओढून पाहिला. बैल रवंथ करीत होता.