वानखडे साहेब आणि जिन्याचा वरचा जोड

अमरावतीचं एक लग्न. नवरा-नवरी स्टेजवर, आहेर देणाऱ्यांची रांग खालपर्यंत, आणि आमचे शेजारी वानखडे साहेब स्टेजच्या खाली. नव्या सफारीत, गुडघ्यांवर, हातात स्टीलचं छोटं गेज. मुलीचे वडील धावत आले आणि वाकून म्हणाले, "साहेब, काही पडलं का?"

"आजून नाई पडलं," खालून उत्तर आलं.

मुलांनो, आजी तुमच्याशी फोनवर बोलताना मागे कोणीतरी खोकतं ना, ते हेच. अकोल्यात आमच्या समोरच्या घरात एकटेच राहतात. गोदामांचे आणि पुलांचे लोखंडी सांगाडे तपासण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, वेल्डिंग मोजायचं गेज मात्र खिशातच राहिलं. दोन पत्रे काटकोनात भेटतात त्या कोपऱ्यात वितळलेलं लोखंड भरतात, त्याला फिलेट म्हणतात. ते चारचं हवं की सहाचं, म्हणजे किती मिलीमीटरचं, एवढ्या एका प्रश्नावर हा माणूस आपला चहा थंड करतो. समोर बसलेल्याचाही.

"वहिनी, लोकायले वाट्टे, जास्त वेल्डिंग म्हंजे जास्त मजबूत. आधी पातळ पत्र्याले इचारा, बावा, तुले किती आग सोसते?"

हे वाक्य ते कुठेही लावतात. कॉलनीतल्या एका सासू-सुनेचं भांडण मिटवायला गेले. सासूबाईंना हातानं थांबवलं आणि सुनेकडे वळून म्हणाले, "आधी पातळ पत्रा बोलन." सून अंगानं चांगली भरलेली. तिला वाटलं, थट्टा चालली आहे. सासूबाईंना वाटलं, आपल्याला जाड म्हटलं. भांडण तिथल्या तिथे मिटलं. दोघी मिळून साहेबांशी बोलत नाहीत.

तुम्ही दिवाळीला येणार, गच्चीवर झोपायचं म्हणता, आणि आपल्या गच्चीला अजून लाकडी शिडी. म्हणून मी लोखंडी जिना करायचा ठरवला. जुन्या शहरातले सलीमभाई चांगले कारागीर. माझ्या घरचं काम म्हणून त्यांनी हात सैल सोडला. साहेब गेज घेऊन हजर.

"सलीम, हे काय करून राहिला? पाच मिलीमीटरच्या अँगलले आठचं वेल्डिंग?"

"आजीच्या घरचं काम हाय, साहेब. भरपूर मारलं."

"भरपूर वरण वाढत जा. पाह्य, अँगल कसा वाकला!"

पायरीखालचा तो काटकोनी लोखंडी अँगल खरंच वाकला होता. पायरीवर कपबशी ठेवली तर चहा बशीत. मग सगळं कापणं आलं. पुन्हा ग्राइंडरची किरकिर, तुळशीवर काळी भुकटी, आणि फराळाचं सगळं अजून व्हायचं. खरं सांगते, मी थकून गेले. कसाही असो, तुम्ही यायच्या आत जिना उभा राहावा, एवढंच मागणं होतं.

शेवटी एकच जोड उरला, वरचा. सगळा जिना त्याच्यावर तोललेला. साहेबांनी पत्र्यावर खडूनं सहाचा आकडा काढला. सलीमभाईंनी हातातलं वेल्डिंगचं होल्डर खाली ठेवलं.

"हे काय, साहेब? आजी चढन, आन कामवाली चढन. चारचं पुरते, तुमीच शिकवलं. मले भरपूर म्हून झापलं, आन सोता सहाचं?"

"इथं दोनी पत्रे जाड हायत. सोसते त्यायले."

"सोसते, पण लागते का?"

मीही वैतागले. "वानखडे साहेब, चारनं भागतं ना? मग होऊ द्या की."

"नाई भागत. लोड मोठा धरला मी."

"कोणाचा भार?"

ते खडू बोटांत फिरवत राहिले. "तुमचे नातवंडं सारे एकदम चढतीन, फोटोले. मांगून लेक, सून. आन आमचा रोहित. त्याचे दोगं पोट्टे. पोट्टे काही हळू चढत नाईत, वहिनी."

रोहित त्यांचा मुलगा, कॅनडात असतो. आईच्या तेराव्यानंतर तो अकोल्याला आलेला मी पाहिला नाही. ते दोन पोट्टे तर कधीच नाही.

"रोहित येतोय दिवाळीला?" मी विचारलं.

"लोड धरतानी येईन का नाई, हे इचारत नसतात," ते म्हणाले. "आले तं, असं धरा लागते."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"सहाचंच करा," मी म्हटलं.

वेल्डिंगचा उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून साहेबांनी पाठ फिरवली. सलीमभाईंनी तोवर होल्डर उचललंही नव्हतं.